उंदराच्या केसांचं कापड

माझ्या आईला मी एकदा फार वाईट फसवलं, आणि तेही खरं बोलून. 2023 च्या जुलैत मी थायलंडला गेलो. त्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून फोनवर तिला म्हटलं, "आता एकदम संक्रांतीलाच येतो. इथं संक्रांतीला कंपनी बंद असते." आई खूश. तिनं तीळ निवडून ठेवले, पोरगा गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेला, येणार म्हणून अख्ख्या गल्लीत सांगून झालं. जानेवारी उजाडल्यावर तिचा फोन, "तिकीट काढलंस का?" मी म्हटलं, "अगं, अजून तीन महिने आहेत की." पलीकडं बराच वेळ आवाज नाही.

थाई लोकांची संक्रांत म्हणजे सोंगक्रान. शब्द आपलाच, संक्रांतीच. पण आपली मकरेची आणि त्यांची मेषेची, 13 ते 15 एप्रिल. आपण तीळगूळ देतो, ते एकमेकांच्या अंगावर पाणी ओततात. होम मैदानावर पाळणे फिरत होते, नंदीध्वज निघाले होते आणि आई मला फोनवर विचारत होती, "असली कसली बे तुमची संक्रांत?" आई मला 'बे' म्हणत नाही. त्या दिवशी म्हणाली.

तर आत्ता मी त्याच सोंगक्रानच्या सुट्टीत सोलापुरात आहे. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. कूलरपुढं बसून लिहितोय.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी टॉवेलवाला. वडील गिरणीत जॉबर होते. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागात एका कारखान्यात पॉवरलूम सांभाळायचे. मी डिप्लोमा करून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलमध्ये अकरा वर्षं काढली आणि एका ओळखीतून बँकॉकला लागून असलेल्या समुत प्राकानमध्ये लूमशेडचा सुपरवायझर म्हणून गेलो. समुत प्राकान हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिनी वाटलं होतं. ते समुद्रप्राकार आहे. समुद्राची तटबंदी.

मी शिकलेला पहिला थाई शब्द 'सवातदी' नाही. नमस्कार काय, हातानं होतो. पहिला शब्द 'फा खोन नू', टॉवेल. फा म्हणजे कापड, खोन म्हणजे अंगावरचे केस, लव. नू म्हणजे उंदीर. उंदराच्या केसांचं कापड! आयुष्यभर मी पाईल म्हणजे टॉवेलची लव किती मिलिमीटर, जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, पाणी किती शोषतो ह्यावर भांडत आलो आणि ह्या लोकांनी एका झटक्यात सांगून टाकलं की ही उंदराची कातडी आहे. हात फिरवून बघा एकदा, चूक नाही काढता येत. (पुरुषानं स्वतःला 'मी' म्हणायचं तर 'फोम' म्हणायचं, आणि फोम म्हणजे डोक्यावरचे केस. त्यामुळं सुरुवातीला मला सगळं बोलणं केसांबद्दलच चाललंय असं वाटायचं.)

पहिले दोन महिने मी फार हवेत होतो. कारण जिकडं बघावं तिकडं आपले शब्द. बँक म्हणजे थनाखान, धनागार. फोन म्हणजे थोरसाप, दूर आणि शब्द. जेवण आहान, म्हणजे आहार. भाषा फासा, गुरू ख्रू, रोग रोक, क्रोध क्रोत. वार तर आपलेच: आथित, चान, अंगखान, फुत. महिने राशींवरून, जानेवारी मकराखोम, ऑगस्ट सिंगहाखोम. त्यातही गंमत अशी की नावाच्या शेवटी 'खोम' असेल तर महिना 31 दिवसांचा, 'योन' असेल तर 30 चा. फेब्रुवारीची शेपटी वेगळी, फान. मुठीवरची हाडं मोजायची गरज नाही. हे आपल्याला का सुचलं नाही कुणास ठाऊक.

खोलीच्या भाडेकरारावर साल 2566 होतं. छपाईची चूक समजून मी बोट दाखवलं. घरमालकीणबाई हसल्या. बुद्धाचं साल, आपल्या सालात 543 मिळवायचे.

सोलापूरला फोन करून मी सगळ्यांना सांगत सुटलो की थाई म्हणजे संस्कृतच आहे, थोडं दाबून बोललेलं. दाबून म्हणजे कसं, तर शब्दाच्या शेवटी र आला की त्याचा न होतो, स आला की त. नगराचं नखोन. 'सोलापूर' तिकडं 'सोलापून' होतं. मी हरकत घेणं सोडून दिलंय.

ह्या संस्कृतनं मला तोंडघशी पाडलं. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईंचं नाव वात्सना आहे असं कळलं, आणि पाटीवरची अक्षरं जुळवून वाचली तर ती 'वासना'. मी मान खाली घालून निघून आलो. नंतर कळलं की तिकडं त्याचा अर्थ भाग्य, पुण्याई. चांगल्या घरातल्या मुलीचं नाव आहे. दुसऱ्यांदा मॅनेजर मला सारखं 'फयायाम, फयायाम' म्हणत होते. मूळ शब्द व्यायाम. मला वाटलं माझ्या पोटाबद्दल बोलतायत. ते म्हणत होते, प्रयत्न कर.

पण खरी अडचण ह्या भारी शब्दांची नव्हतीच. बँकेत, कचेरीत, पाटीवर संस्कृत. घरात, बाजारात, लूमवर मात्र बोटभर शब्द, आणि त्या प्रत्येकाला पाच सूर. सपाट, खालचा, वरून पडणारा, उंच आणि खालून चढणारा. 'मा' सपाट म्हटलं तर ये, उंच म्हटलं तर घोडा, चढत म्हटलं तर कुत्रा. 'क्लाय' सपाट म्हणजे लांब आणि पाडून म्हणजे जवळ. रिक्षावाल्यासारख्या माणसाबरोबर हा शब्द घेऊन वाद घालून बघा. मोठ्या भावाला किंवा ताईला 'फी' म्हणायचं, सूर पाडून. मी चढवायचो. फी चढवून म्हटलं की भूत. महिनाभर मी फोरमनला 'ओ भूत' म्हणून हाक मारली आणि तो बिचारा 'खाप' म्हणून ओ देत राहिला.

आणि मग तो आगीचा दिवस. रात्रपाळी, नवीन लॉट लावलेला, ताणा सारखा तुटत होता. मी सूत चिमटीत धरून बघितलं, आखूड धाग्याचा हलका कापूस. मला सांगायचं होतं, कापूस चांगला नाही. कापूस 'फाय', नाही 'माय', चांगला 'दी'. शेडमध्ये तीसएक लूमचा खडखडाट, म्हणून मी ओरडून बोललो, आणि ओरडताना माणूस सूर पाडत नाही. माझा 'फाय' आखूड आणि सपाट गेला. सपाट फाय म्हणजे आग. आणि त्याच्यापुढं 'माय' आला की तो शब्द 'जळतंय' असाही ऐकू येतो, उच्चार हुबेहूब तोच. म्हणजे मी शेडच्या मधोमध उभा राहून ओरडलो होतो, "आग लागली! छान!"

लूमशेडमध्ये हवेत कापसाची तूस उडत असते. आगीचं भय काय असतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. एक पोरगा मेन स्विचकडं पळाला, दुसऱ्यानं आग विझवायचं नळकांडं उचललं. लूम धडाधड बंद झाले. आणि त्या शांततेत सगळे माझ्या हातातल्या कापसाकडं बघत होते. फोरमनला आधी कळलं. तो खाली बसून हसला. अजूनही सूत खराब लागलं की शेडमध्ये कुणीतरी म्हणतं, "आग लागली, छान," आणि तेच आता खराब सुताचं आमच्यातलं नाव झालंय.

त्यानंतर मी ठरवलं की लिपी शिकल्याशिवाय सुटका नाही. क्लास शहरात, जायला यायला दीड तास, शिवाय पाळ्या. मला मास्तर मिळाला घरातच. घरमालकीणबाईंना सगळे 'पा' म्हणतात, सूर पाडून, म्हणजे आईपेक्षा मोठी मावशी. त्यांची नात तेव्हा दुसरीत होती. 'प्राथोम सोंग', प्रथम म्हणजे प्राथमिक शाळा आणि सोंग म्हणजे दोन. थाई माणसाला एक लांबलचक संस्कृत नाव असतं आणि एक 'च्यू लेन', खेळायचं नाव. हिचं खेळायचं नाव मोत, मुंगी. मुंगीनं तिचा जुना अंकलिपीचा तक्ता माझ्या भिंतीवर लावला.

मी तक्ता बघितला आणि अंगावर काटा आला. क ख ग घ ङ. पुढं च छ ज, मग ट ठ ड, त थ द, प फ ब, य र ल व. मग श ष स ह. आणि त्यानंतर ळ! होय, ळ. इंग्रजीत नाही, हिंदीवाल्यांना जमत नाही, आणि इथं समुद्रापलीकडं तक्त्यात बसलेला, पतंगाच्या चित्राशेजारी. उच्चार आता साधा 'ल' करतात, पण लिहितात ळ च. घड्याळाला नालिका म्हणतात आणि लिहिताना 'नाळिका'. खेळ म्हणजे 'कीळा', क्रीडा. मुंगीला मी हे सगळं सांगितलं. तिला काडीचं कौतुक वाटलं नाही.

आणि ङ. आपल्या अंकलिपीत ङ च्या चौकटीत चित्र नसायचं. बाई म्हणायच्या, ह्याचा शब्द नसतो, पुढं चला. तिकडं ङ ला चित्र आहे, नागोबाचं. 'ङू' म्हणजे साप. 'ङान' म्हणजे काम. 'ङन' म्हणजे पैसा. लहानपणापासून बेकार बसलेलं अक्षर तिकडं एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहे.

बाराखडीचा खरा फायदा वेगळाच झाला. थाई व्यंजनं 44, आणि त्यांचे तीन वर्ग, मध्यम 9, उच्च 11, नीच 24. अक्षर कुठल्या वर्गातलं यावर शब्दाचा सूर ठरतो. आमच्या कंपनीतला एक युरोपियन मेकॅनिक ते 44 रंगीत कार्डं करून पाठ करायचा. मी तक्त्यासमोर बसलो असताना लक्षात आलं, अरे, क मध्यम, ख उच्च, ग घ ङ नीच. च मध्यम, छ उच्च, बाकी नीच. प्रत्येक ओळीत तेच! पहिलं, दुसरं आणि उरलेली. शेवटच्या ओळीत श ष स ह उच्च, एवढं वेगळं ध्यानात ठेवायचं. सूर दाखवायच्या चिन्हांची नावं तर एक, थो, त्री, चत्तवा. एक, दोन, तीन, चार. दोन वर्षांत मला जर कुठं शाबासकी घ्यावीशी वाटली असेल तर ती त्या रात्री, आणि ती द्यायला कुणी जागं नव्हतं.

वाचता येऊ लागल्यावर दिवस बदलला. शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, सगळी ओळ सलग, लूमवरून उतरलेल्या कापडासारखी. कुठं कापायचं ते तुम्ही ठरवायचं. काही स्वर तर अक्षराच्या आधी येतात. आपल्या ऱ्हस्व वेलांटीची सवय असल्यामुळं त्याचं मला काही वाटलं नाही. पाटीवरचं 'मांगसविरत' वाचून जेवायची सोय झाली. मांसविरती. आमच्या घरी माळ आहे, मी अंडंसुद्धा खात नाही. आधी मी 'जे' लिहिलेल्या पिवळ्या निशाणाच्या दुकानात जायचो, पण ते इतके कडक की कांदा-लसूणही नाही. आता गाडीवर उभं राहून सांगतो, माशाचं पाणी घालू नको, मांस घालू नको, तिखट घाल. पहिल्या दोन गोष्टी ते विसरतात. तिसरी कधी नाही. शेंगाचटणीची पुडी माझ्या खिशात असते. पांनी ती चिकट भाताबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, 'आरोय', म्हणजे चवदार, म्हणाल्या आणि डबी ठेवून घेतली. ह्या वेळी दोन किलोची ऑर्डर आहे.

वेळेचं मात्र मला अजून पक्कं जमत नाही. पांनी एकदा 'सोंग थुम'ला जेवायला बोलावलं. सोंग म्हणजे दोन, म्हणून मी भर दुपारी दोनला आंघोळ करून हजर. त्या केस धूत होत्या. तिकडं दिवस सहा-सहा तासांनी तोडतात. रात्री सातला एक थुम, आठला दोन थुम. थुम हा ढोलाचा आवाज आणि दिवसाचा 'मोंग' हा घंटेचा. दुपारचे दोन म्हणजे 'बाय सोंग'. आठ वाजेपर्यंत मी कपडे चुरगळू नयेत म्हणून खुर्चीवर बसून राहिलो.

भारतीयाला तिकडं 'खॅक' म्हणतात, त्याबद्दलही लिहिलं पाहिजे. शब्दाचा अर्थ पाहुणा. ऐकायला गोड आहे. पण प्रत्येक जण तो गोडीनं म्हणतो असं नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्यांनाही म्हणतो. मला राग येत नाही, पण बाजारात पाठीमागून ऐकू आला की मान वळते. पाहुणा म्हटल्यावर निदान चहा तरी विचारा की.

इकडं आल्यावर थाई शिकतोय म्हटलं की जुनी माणसं हमखास डॉ. कोटणीसांचं नाव काढतात. 1938 ला चीनला गेले, चिनी शिकले, तिथंच 1942 ला गेले. "आपल्या सोलापूरचं पाणीच तसं आहे," म्हणतात. मी विषय बदलतो. ते युद्धात जखमींवर उपचार करायला गेले होते. मी टॉवेल विणायला गेलोय.

पण पाण्याचं म्हणाल तर एक गोष्ट मला पटते. आमच्या गल्लीत समोर तेलुगू, शेजारी कानडी, कोपऱ्यावर उर्दू. लहानपणी मी चारही भाषा बोलायचो आणि चारही चुकीच्या. समोरच्या अक्का मराठी बोलायच्या त्यात लिंगाचा पत्ता नसायचा, "तो बाई आला" वगैरे. कुणी कुणाला हसत नव्हतं, आणि कुणी थांबतही नव्हतं. पुण्याचा एक सहकारी माझ्याबरोबरच तिकडं आला. माझ्यापेक्षा हुशार, व्याकरण चोख. वाक्य मनात पूर्ण तयार झाल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि तोपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. मी आगी लावत फिरतो, पण माझं काम होतं. आमच्या शेडमध्ये निम्मी पोरं म्यानमारची, काही इसानकडची, म्हणजे थायलंडच्या ईशान्येची, त्यांचं घरचं बोलणं लाओच्या जवळचं. म्यानमारच्या फिटरचं थाई मोडकं, माझंही मोडकं, आणि आम्हा दोघांचं जितकं पटकन जुळतं तितकं बँकॉकच्या माणसाशी जुळत नाही. "किन खाव रु यांग?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. भात खाल्ला का? समोरच्या अक्का 'अन्नं तिन्नावा' विचारायच्या, शेजारी 'ऊट आयता', आणि आई 'जेवलास का'. हे वाक्य मला कुणी शिकवलं नाही, अर्थ आधी कळला आणि शब्द नंतर.

परवा पार्क चौकात चहाला जमलो. मित्रांना पाच सूर काही केल्या कळेनात. "एकच शब्द, पाच अर्थ, असं कसं बे?" मी म्हटलं, आत्ता काय म्हणालास? मग टेबलावर हात मारून त्यांना दाखवलं. रस्त्यात भेटला की सपाट, 'काय बे'. उधारी मागितली की खाली, 'नाही बे'. मॅच हरली की वरून खाली पाडलेला, 'अर्रे बेऽ'. भांडणात उंच, 'ए बे!'. आणि पोरगी बघायला गेलेला परत आला की खालून वर चढवत, 'मग बे?'. सगळे गप्प झाले आणि मग अर्धा तास नुसतं बे बे चाललं होतं. चहावाला येऊन विचारून गेला, बकऱ्या आणल्यात का. अर्थात हे तंतोतंत नाही. आपला 'बे' कितीही चढवला तरी त्याचं भूत होत नाही. पण सोलापुरात थाईचा क्लास काढायचा झाला तर पहिला धडा माझ्याकडं तयार आहे.

इथं आठ दिवस राहिलं की कान सैल पडतो, हे मागच्या वेळीही झालं होतं. काल रात्री मुंगीला आवाजी निरोप पाठवला, ती आता मोठी झालीय, आजीच्या फोनवर तिचाच ताबा असतो. सांगायचं एवढंच होतं, रविवारी येतो. "वान आथित फोम मा." मी बोललो तेव्हा भोवती सगळे जेवत होते, आईनं मधेच वाढू का विचारलं, आणि माझा 'मा' चढत गेला. दोन मिनिटांत उत्तर आलं. पाचला थाईत 'हा' म्हणतात, त्यामुळं हसायचं असेल तर ते लोक 555 लिहितात. मुंगीनं एक ओळभर पाच लिहिले होते आणि खाली कुत्र्याचं चित्र.

"कुणाचा बे मेसेज?" धाकट्यानं विचारलं. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो आणि सपाट 'मा' म्हणायचा सराव केला. तिसऱ्या खेपेला समोरच्या अक्कांनी वर बघून विचारलं, म्हैस हरवली का.